आकड्यांतून भेटणारे खेळाडू

सामना संपला की प्रेक्षक घरी जातात आणि मागे उरते ती गुणलेखकाची वही. कोणत्या चेंडूवर किती धावा निघाल्या, कोण कसा बाद झाला, हे तिच्यात टिपलेले असते. अशा असंख्य वह्यांतील नोंदी पडताळून क्रिकेटचे संदर्भग्रंथ सिद्ध होतात. इंग्लंडमध्ये १८६४ साली सुरू झालेले ‘विस्डेन’ हे वार्षिक त्यांत सर्वांत प्रसिद्ध. आपल्याकडे संगणक येण्यापूर्वीच्या काळात मुंबईच्या आनंदजी डोसा यांच्यासारख्या अभ्यासकांनी हे किचकट काम हातांनी केले.

अशा ग्रंथात खेळाडूचा परिचय चार-सहा ओळींत उरकलेला असतो : जन्म, संघ, खेळण्याची शैली. त्याखाली आकड्यांची एक ओळ. ती वाचावयास मात्र शिकावे लागते. सुनील गावसकरांची ओळ पाहा : १२५ कसोटी सामने, २१४ डाव, १६ वेळा नाबाद, १०,१२२ धावा, सरासरी ५१.१२. ही सरासरी धावांना २१४ ने भागून येत नाही. जेवढ्या वेळा फलंदाज बाद झाला तेवढ्याने, म्हणजे १९८ ने, भागावे लागते.

पण सरासरी सगळेच सांगते असे नाही. मार्च १९८७ मध्ये बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर पाकिस्तानविरुद्ध गावसकर आपला अखेरचा कसोटी डाव खेळले. त्या डावातील ९६ धावा परिचयाच्या ओळीत केवळ एक अर्धशतक म्हणून जमा होतात. धावफलक उघडला म्हणजे कळते, की याच सामन्यात पाकिस्तानचा पहिला डाव ११६ धावांत आटोपला होता आणि २२१ धावांचा पाठलाग करताना भारताचा सारा संघ २०४ धावांत बाद झाला. चेंडू हातभर वळणाऱ्या त्या खेळपट्टीवर ९६ धावांचे मोल शतकाहून थोडेही कमी नव्हते. भारत १६ धावांनी हरला.

काही ओळी गमतीदारही असतात. कर्नाटकाचे फिरकी गोलंदाज भागवत चंद्रशेखर यांनी ५८ कसोटींत २४२ बळी घेतले आणि धावा केल्या १६७! मात्र ज्या हाताने त्यांनी हे बळी मिळवले, तो हात बालपणीच्या पोलिओने दुबळा झालेला होता, हे समजायला वरच्या परिचयाकडे वळावे लागते.

आज बंगळूरच्याच बेळ्ळंदूर भागात राहणारा क्रिकेटप्रेमी हे सारे भ्रमणध्वनीवर क्षणात पाहू शकतो. तरी छापील ग्रंथाचा एक गुण त्यात सहसा आढळत नाही. भ्रमणध्वनीवर ज्याचा शोध घ्यावा, तोच खेळाडू समोर येतो. ग्रंथात नावे वर्णानुक्रमाने येतात. रवी शास्त्री शोधणाऱ्याची नजर सहज पुढे सरकते आणि पद्माकर शिवलकर या नावावर थांबते. मुंबईच्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने प्रथम श्रेणीच्या १२४ सामन्यांत ५८९ बळी घेतले. प्रत्येक बळीमागे सरासरी २० धावाही दिल्या नाहीत. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात, मद्रासच्या चेपॉक मैदानावर, त्यांनी १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी टिपले. सामना तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर संपला. बिशनसिंग बेदी त्याच काळात, त्याच शैलीने गोलंदाजी करीत होते. शिवलकरांच्या ओळीत कसोटी सामन्यांचा रकाना शेवटपर्यंत रिकामाच राहिला.