विश्लेषण : ‘ड’ जीवनसत्त्वाची आठवड्याची पुडी रोज घेतली तर काय होते?

थळ, रेवदंडा, मुरुड, श्रीवर्धन… पावसाळा सोडला तर रायगडच्या किनाऱ्यावर उन्हाची टंचाई नाही. बोंबील आणि जवळा याच उन्हात वाळतो. तरीही देशात इतरत्र आढळते तशी ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता इथेही आढळते. त्यावर ६० हजार युनिटची पुडी किंवा कॅप्सूल दिली जाते. औषध चांगले आहे. घोटाळा होतो तो ते किती दिवसांनी घ्यायचे, यात.

गफलत कुठे होते?

ही पुडी साधारणपणे आठवड्यातून एकदा, असे आठ आठवडे घ्यायची असते. पण रक्तदाबाच्या आणि पित्ताच्या गोळ्यांबरोबर तीही रोज घेतली जाते. कधी कोर्स संपल्यावरही जुनी चिठ्ठी दाखवून ती आणली जाते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार प्रौढांची गरज रोज ६०० युनिट, तर सुरक्षित कमाल मर्यादा रोज ४,००० युनिट आहे. रोज एक पुडी घेणे म्हणजे या मर्यादेच्या १५ पट. खरे तर आठवड्याला एक पुडी हे प्रमाणही मर्यादेच्या वरच जाते. कमतरता भरून काढण्यासाठी ठरावीक काळापुरतीच ती मुभा असते. तान्ह्या बाळांच्या थेंबांतही ४०० आणि ८०० युनिट असे वेगवेगळे प्रकार मिळतात. बाटली बदलली आणि ड्रॉपरची खूण तीच ठेवली, तर मात्रा दुप्पट होते.

उन्हाने असे का होत नाही?

उन्हात त्वचेखाली हे जीवनसत्त्व तयार होते, पण पुरेसे झाले की जादा भागाचे निरुपयोगी संयुगांत रूपांतर होते. पोटातून गेलेल्या औषधाला असा लगाम नाही. ‘क’ जीवनसत्त्व पाण्यात विरघळते, त्यामुळे जास्त झालेले बरेचसे लघवीवाटे निघून जाते. ‘ड’ चरबीत साठते. बांगडा, तारलीतूनही ते मिळते, पण ताटातल्या माशांनी मर्यादा ओलांडणे कठीण. मुशीच्या यकृताचे तेल मात्र वेगळे. त्यात ‘अ’ जीवनसत्त्व भरपूर असते आणि त्याचा अतिरेक यकृताला, गरोदरपणात गर्भालाही घातक ठरतो. घरगुती टॉनिक म्हणून ते अंदाजाने पिऊ नये.

शरीरात नेमके काय बिघडते?

‘ड’ जीवनसत्त्व आतड्यातून कॅल्शियम शोषायला मदत करते. ते बेसुमार वाढले की रक्तातले कॅल्शियम वाढते. हाडांतूनही ते बाहेर पडू लागते. मग मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता, सतत तहान, वारंवार लघवी, गळून जाणे. किनाऱ्यावरच्या उकाड्यात ही लक्षणे ‘पित्त झाले’ किंवा ‘ऊन लागले’ म्हणून सहज खपून जातात, आणि पुडी चालूच राहते. पुढे वृद्ध रुग्ण असंबद्ध बोलू लागतो, मूतखडा होतो, मूत्रपिंडाचे काम मंदावते. श्रीनगरच्या शेर-ए-काश्मीर आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी २०११ मध्ये अशा दहा प्रौढ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली होती. तो भागही या जीवनसत्त्वाच्या कमतरतेसाठीच ओळखला जातो. अभावावरचा उपाय मर्यादेबाहेर गेल्याने ते रुग्णालयात पोहोचले होते.

निदान आणि उपचार कसे?

रक्तातील कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि ‘ड’ची पातळी तपासतात. ही पातळी १५० नॅनोग्रॅमच्या वर गेली की विषबाधेची शक्यता धरतात. मूत्रपिंडाचा विकार, मूतखडा किंवा क्षयरोग असणाऱ्यांनी आणि रक्तदाबासाठी थायाझाइड गटातील गोळी घेणाऱ्यांनी पुडी सुरू करण्यापूर्वीच ते डॉक्टरांना सांगायला हवे. त्यांच्यात कॅल्शियम लवकर वाढू शकते.

यावर उतारा असे औषध नाही. पुडी, कॅल्शियमच्या गोळ्या बंद करून सलाइन लावतात. गरजेनुसार स्टेरॉइड किंवा कॅल्शियम उतरवणारी इंजेक्शने देतात. चरबीतला साठा हळूहळू रिकामा होतो. त्यामुळे पुडी थांबवल्यावरही कॅल्शियम काही आठवडे, कधी काही महिने चढेच राहते आणि तोवर पुन्हा पुन्हा रक्त तपासावे लागते.