भुवई उंचावली आणि क्लिक!

कुत्र्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापाशी, भुवईच्या मुळाशी, एक इवलासा स्नायू असतो. तो आवळला की भुवई आतून वर जाते, डोळे मोठे दिसतात आणि समोरचा माणूस जागच्या जागी विरघळतो. २०१९ मध्ये संशोधकांनी कुत्र्यांच्या आणि लांडग्यांच्या चेहऱ्यांची तुलना केली. कुत्र्यांत हा स्नायू चांगला ठळक निघाला, लांडग्यांत मात्र त्याच्या जागी जेमतेम काही तंतू. त्याआधी, २०१३ मध्ये, ब्रिटनमधल्या प्राणी-निवाऱ्यांतल्या कुत्र्यांच्या अभ्यासात दिसलं होतं की जो ही भुवई जास्त वेळा उंचावतो, त्याला घर लवकर मिळतं. फोटोग्राफर कॅमेरा उचलायच्या आत निम्मी गोष्ट त्या भुवईनं सांगून टाकलेली असते!

उरलेली निम्मी आपण सांगतो. चप्पल कुरतडून झाल्यावरचा तो कान पाडलेला, नजर चुकवणारा ‘अपराधी’ चेहरा आठवा. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये छापलेल्या प्रयोगात मालकांना कधी खरं, कधी खोटं सांगितलं की तुमच्या कुत्र्यानं मनाई केलेला खाऊ खाल्ला. अपराधी चेहरा मालकाच्या रागावण्यावर अवलंबून होता, खाऊ खाल्ला की नाही यावर नव्हे. उलट ज्यांनी काहीच खाल्लं नव्हतं आणि तरी बोलणी खाल्ली, त्यांचेच चेहरे जास्त पडले. कुत्र्याचा उदास फोटो पाहताना मी हे नेहमी आठवते. त्याच्या दुःखावर फोटोग्राफरचं दुःख चिकटवलेलं नाही ना, एवढं तपासून घेते.

आता भुंकणाऱ्या फोटोग्राफरची गोष्ट. एलियट अर्विट (१९२८–२०२३) रस्त्यावरच्या कुत्र्यांवर स्वतः भुंकायचे! कधी भोंगा वाजवायचे. कुत्रा दचकला, वळला, उडाला की क्लिक. १९८९ चा त्यांचा पॅरिसमधला फोटो पाहा. मालकाच्या पायांशेजारी एक छोटा कुत्रा चारही पाय जमिनीपासून सोडून सरळ हवेत. त्याहून प्रसिद्ध १९७४ चा न्यूयॉर्कमधला: बाईचे उंच बूट, त्यांच्याशेजारी टोपी घातलेला चिमुकला चिवावा आणि पलीकडे आणखी दोन लांब पाय. माणसाचेच असतील म्हणून डोळा पुढे सरकतो आणि मग उमगतं, हे तर ग्रेट डेनचे पुढचे पाय! हे सगळं दिसलं, कारण कॅमेरा चिवावाच्या उंचीवर होता. माणसांची डोकी चौकटीबाहेर गेली आणि कुठे बिघडलं?

गुडघे टेकणं हा या कलेचा पहिला धडा. उभ्यानं काढलेल्या फोटोत कुत्रा कायम मान वर करून काहीतरी मागत असतो. जमिनीवर बसून काढला की तो बरोबरीचा होतो.

विल्यम वेगमन या अमेरिकन चित्रकारानं १९७० मध्ये वाइमरानर जातीचं एक करड्या रंगाचं पिल्लू घेतलं, ३५ डॉलरला. नाव ठेवलं मॅन रे, ते दिग्गज छायाचित्रकार मॅन रे यांच्यावरून. पिल्लू स्टुडिओत येऊन मध्ये मध्ये करायचं आणि कामाबाहेर ठेवलं तर कुरकुरायचं. शेवटी वेगमननं त्यालाच कामाला लावलं! मग आला पोलरॉइडचा तो अजस्र कॅमेरा: वजन शंभर किलोंच्या वर, फोटो २० बाय २४ इंच, प्रत एकच. असे कॅमेरे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मॅन रे त्याच्यासमोर खांबासारखा निश्चल बसायचा. १९८२ मधल्या एका चित्रात काळ्या पार्श्वभूमीवर तो शांत बसला आहे आणि वरून पांढऱ्या पिठाची सर कोसळते आहे. त्याच वर्षी तो गेला. पुढे हेच वेगमन कुत्र्यांना कोट-झगे घालून जगप्रसिद्ध झाले, ती चित्रं मुलांना फार आवडतात. मला मात्र पिठात न्हाणारा तो म्हातारा पुरतो. ‘व्हिलेज व्हॉइस’ या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकानं १९८२ चा ‘मॅन ऑफ द इयर’ म्हणून मॅन रेलाच निवडलं. वेगमननी दुसरं कुत्रं आणलं ते थेट १९८६ मध्ये.

मोजून सांगायची एक गंमत: ओला लॅब्रॅडॉर अंग झाडतो ते सेकंदाला चारपेक्षा जास्त वेळा. कार्ली डेव्हिडसनच्या ‘शेक’ या २०१३ च्या पुस्तकात नेमके हेच क्षण थिजवले आहेत. गाल एकीकडे, कान दुसरीकडे, लाळेची माळ हवेत. पाहताना हसू आवरत नाही.

काळा कुत्रा ही खरी परीक्षा. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं जग मध्यम करडं धरून चालतो, त्यामुळे चौकटभर काळा कुत्रा राखाडी येतो आणि पांढरा मळकट. आमच्या काळ्याचे पहिले शंभर फोटो म्हणजे पायपुसणं आणि त्यावर जीभ! शेवटी एका दुपारी त्याला खिडकीशेजारी बसवलं, उजेड बाजूनं घेतला, प्रकाश थोडा कमी धरला. डोळ्यांत खिडकीचा एकेक चौकोन चमकला आणि आमचा काळ्या फोटोत जिवंत झाला. आणखी एक खाच: नाक लांब असतं, डोळे मागे. फोकस नाकाच्या शेंड्यावर अडकला तर डोळे धूसर, आणि डोळे धूसर झाले की गोष्ट संपली. फ्लॅश तर नकोच. कुत्र्याच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा थर असतो, तो हिरवा-पिवळा चमकून उठतो.

जपानच्या दाइदो मोरियामांनी १९७१ मध्ये मिसावा या अमेरिकन हवाई तळाच्या गावात एक भटका कुत्रा टिपला. मान वळवून पाहणारा, दाणेदार काळाकुट्ट. तो फोटो लोक मोरियामांचंच आत्मचित्र मानतात आणि त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाच्या नावातही कुत्राच आहे.

ज्या मालिकेपाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबले, ती डच छायाचित्रकार शार्लोट डुमास यांची. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कच्या ढिगाऱ्यात शोध घेणारी कुत्री दहा वर्षांनी कुठे असतील, हा प्रश्न घेऊन त्या अमेरिकाभर फिरल्या. हयात असलेली पंधरा सापडली. २०११ च्या ‘रिट्रीव्ड’मध्ये ती आपापल्या घरी बसलेली आहेत: तोंड पांढरं झालेलं, डोळ्यांवर सारा पडलेला, पंजे पुढे टाकलेले. ढिगारा नाही, झेंडा नाही, पदक नाही. त्या दिवसांत जिवंत माणूस सापडेना म्हणून ही कुत्री हिरमुसायची आणि त्यांचा हुरूप टिकावा म्हणून त्यांचे सांभाळकर्ते मुद्दाम कुणाला तरी लपवून ठेवायचे. कुत्र्यानं ‘शोधलं’ की शाबासकी! हे कळल्यावर त्या पांढऱ्या तोंडाकडे पुन्हा पाहावं.

आपल्याकडचा असा फोटो मुंबई पोलिसांच्या झंजीरचा. १९९३ च्या स्फोटमालिकेनंतर या लॅब्रॅडॉरनं ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून दिलं. नोव्हेंबर २००० मध्ये तो कर्करोगानं गेला. फुलांत निजलेला झंजीर आणि त्याच्यावर पुष्पचक्र वाहणारा वर्दीतला अधिकारी. बातमीसाठी घाईत काढलेलं हे छायाचित्र आहे, स्टुडिओचा उजेड नाही की कसली मांडणी नाही. तरी ते अजून मोबाइलवर फिरत येतं आणि दर वेळी माझा अंगठा त्याच्यावर थांबतो.

आणि एक गोष्ट कॅमेऱ्याबाहेरची. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसएमटीपाशी, तेव्हाच्या सीएसटीपाशी, एका भटक्या कुत्र्याला गोळी लागली. तिथे हल्ल्याचे फोटो काढणाऱ्या एका वृत्तपत्र छायाचित्रकारानं त्याला परळच्या प्राण्यांच्या रुग्णालयात पोचवलं. कुत्रा वाचला. त्याचं नाव पडलं शेरू.