चार्ज : लादण्याचा आणि तुटून पडण्याचा

श्रोतेहो, लालबाग-परळच्या गिरणगावात इंग्रजी न शिकलेल्यांच्याही तोंडी एक इंग्रजी शब्द असे : 'चार्ज'. साचेखात्यातल्या कामगाराच्या हाती 'चार्जशीट' पडले, की चाळीत ते वाचून दाखवणारा शोधावा लागे. मोर्चा अडवला, की 'लाठीचार्ज' होई. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. शब्द मात्र राहिला. आपल्या गावातही हेडमास्तर बदलले, की जुने नव्यांना 'चार्ज' देतात. आता मार, आरोप आणि कारभार एकाच शब्दात कसे बसले?

याचे मूळ गाडीत आहे. लॅटिनमध्ये 'कार्रुस' म्हणजे गाडी. गाडीवर माल लादणे, यावरून फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला. माणसावर काम लादले, तो कार्यभार. दोष लादला, तो आरोप. आपल्या 'आरोप' शब्दातही 'वर ठेवणे' हाच अर्थ आहे. बंदुकीत दारू भरली, बॅटरीत वीज भरली, तोही चार्ज. आणि घोडदळ साऱ्या भारानिशी शत्रूवर तुटून पडले, तोही चार्जच.

मग 'अटॅक' निराळा कसा? अटॅक कसलाही असतो : शत्रूचा, टीकेचा, रोगाचा. म्हणून 'हार्ट अटॅक' होतो, 'हार्ट चार्ज' होत नाही. चार्जमध्ये अंगावर धावून जाणे हवे.

गुरुजींनी फळ्यावर दोन वाक्ये लिहावीत. 'द पोलीस चार्ज्ड द क्राउड', म्हणजे पोलीस जमावावर तुटून पडले. 'द पोलीस चार्ज्ड हिम विथ थेफ्ट', म्हणजे त्याच्यावर चोरीचा आरोप ठेवला. 'विथ'च्या पुढे गुन्ह्याचे नाव आले, की समजावे, हा आरोप.

हा भेद नुसता परीक्षेपुरता नाही, बरे का! चार्जशीट म्हणजे शिक्षा नव्हे. तो आरोप आहे, आणि त्याला उत्तर देण्याचा हक्क असतो. शब्दालाच घाबरून जो गप्प बसला, तो निम्मा तिथेच हरला. लाठीचार्जचे उलटे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यावर लाठ्या चालल्या, गोळ्याही झाडल्या गेल्या. अशा वेळी 'लाठीचार्ज' म्हटले, की कानाला सरकारी कामकाज वाटते. 'लाठीमार' म्हटले, की पाठीवरचे वळ दिसतात.

तेव्हा मंडळी, हा शब्द कानी आला, की एवढेच विचारावे : भार कोणी टाकला, आणि तो पडला कोणावर?