बिनपाण्याचे पाणी

‘बीड’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. एक आमच्या जिल्ह्याचे नाव, दुसरा ओतीव लोखंड. बिडाचा तवा घरोघर माहीत असतो. ट्रॅक्टरच्या इंजिनात पिस्टन ज्या नळीत वरखाली धावतो तो सिलिंडरही बहुधा बिडाचाच. मी लिहितो आहे ते या धातूविषयी, पण जिल्ह्यातली धूळ आणि ऊसतोडीचा हंगाम नजरेसमोर ठेवून. हंगामात इंजिन बसले, तर ट्रॅक्टरमालकाचा हप्ता आणि टोळीची मजुरी दोन्ही अडतात.

बिडात सुमारे तीन ते साडेतीन टक्के कार्बन असतो. त्यातला बराचसा ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात राहतो. हे ग्राफाइट स्वतः वंगणाचे काम करते आणि तेलही धरून ठेवते, म्हणून सिलिंडरसाठी बीड आजही टिकून आहे. पण फिल्टरमधून निसटलेली धूळ रिंगांबरोबर घासू लागली की भिंत झिजते. सर्वाधिक झीज वरच्या टोकाला होते. तिथे रिंग क्षणभर थांबून माघारी वळते, उष्णता जास्त असते आणि तेलाचा थर सर्वांत पातळ. मग कंप्रेशन जाते, इंजिन ऑइल पिऊ लागते आणि ‘काम निघते’.

सबंध सिलिंडर कडक केला तर तो ठिसूळ होऊन तडकेल. यावरची युक्ती ऊसतोडीच्या कोयत्यात दिसते. लोहार कोयता लाल तापवून त्याची धार तेवढी पाण्यात बुडवतो. धार कडक होते, पाठ चिवट राहते. ‘पाणी देणे’ ते हेच. तापलेल्या लोखंडात विरघळलेला कार्बन झटक्यात थंड केल्यामुळे आतच अडकतो. अशा कडक रचनेला मार्टेन्साइट म्हणतात.

सिलिंडरला हेच पाणी लेझर देतो. त्याचा झोत आतल्या भिंतीवरून ठरावीक वेगाने फिरवतात. झोताखालची साधारण अर्धा मिलिमीटर जाडीची कातडी क्षणात नऊशे-हजार अंशांवर जाते. बीड सुमारे ११५० अंशांना वितळू लागते, त्याच्या आत थांबावे लागते. झोत पुढे सरकला की मागचे थंड बीडच ती उष्णता ओढून घेते, आणि तेही इतक्या वेगाने की पाणी लागतच नाही. अडचण एकच: कार्बन डायऑक्साइड लेझरचा बहुतेक प्रकाश उघड्या धातूवरून परततो. म्हणून आधी ग्राफाइटचा काळा लेप किंवा फॉस्फेटचा थर देतात.

हा लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी शोधला. त्यांचा जन्म बारामतीचा, अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे. पुढे जनरल मोटर्सने रेल्वेच्या डिझेल इंजिनांचे सिलिंडर लायनर अशाच लेझरने कडक केले.

मग आपल्या ट्रॅक्टरांसाठीही हेच करावे का? आमच्याकडे झिजलेला ब्लॉक कोणी टाकून देत नाही. बोअरिंग मशीनवर भोक अर्धा मिलिमीटर मोठे करतात, होनिंगने तिरप्या रेषा पाडतात आणि ओव्हरसाइज पिस्टन बसवतात. म्हणजे प्रत्येक बाजूने पाव मिलिमीटर धातू निघतो. असे दोनदा केले की लेझरने कडक केलेली कातडी संपते आणि खालचे मऊ बीड उघडे पडते. शिवाय कडक पट्टे आणि मऊ बीड यांवर हत्यार सारखे चालत नाही.

त्यामुळे माझ्या मते ही प्रक्रिया शोभते ती बदलता येणाऱ्या लायनरला. तो जास्त टिकतो आणि झिजला की काढून नवा घालता येतो. ज्या ब्लॉकचे आयुष्य बोअरवर मोजले जाते, त्यात मात्र दुरुस्तीची वाट अरुंद होते. तालुक्याच्या वर्कशॉपमधले काम सुट्या भागांच्या दुकानाकडे जाते. नवे इंजिन घेताना लायनर बदलता येतो का, हे आधी विचारावे. आणि कातडी कितीही कडक असली तरी धूळ तिला झिजवतेच, म्हणून एअर फिल्टर वेळच्या वेळी साफ करणे कोणत्याही इंजिनात चुकत नाही.