एका अक्षराची रुजवात

अंबरनाथ तालुक्यातील चिखलोलीहून परळच्या टाटा रुग्णालयाकडे निघालेल्या एखाद्या भगिनीच्या फायलीत जनुक-तपासणीचा जो अहवाल असतो, त्यात कधीकधी असा शेरा आढळतो की, तिच्या स्तनाच्या कर्करोगाशी निगडित 'बीआरसीए-१' या जनुकात डीएनएच्या एका अक्षराचा फेरफार आहे, परंतु त्याचा परिणाम अनिश्चित आहे. वैद्यकाच्या दप्तरात याहून क्लेशदायक मजकूर क्वचितच असेल; कारण त्यावरून ना तिला निर्धास्त होता येते, ना तिच्या लेकीबाळींना सावध करता येते.

स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात चिकाटीने शोधला. देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा त्यांचीच. तथापि जनुकातील नेमके एखादे अक्षर बदलून पाहण्याचे साधन त्या पिढीपाशी नव्हते. ते २०१२ साली शार्पांतिये आणि डाउडना या शास्त्रज्ञांच्या संशोधनाने हाती आले. त्यात मार्गदर्शक आरएनए ठरलेले स्थळ हुडकतो, 'कॅस-९' हे प्रथिन तेथे डीएनए छेदते आणि पेशी तो छेद सांधू लागली की, तिच्यापुढे ठेवलेला नवा मजकूर ती उतरवून घेते.

सिअ‍ॅटलच्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली याच साधनाने 'बीआरसीए-१'च्या सर्वांत मोक्याच्या १३ खंडांतील जवळजवळ प्रत्येक अक्षर शक्य त्या सर्व प्रकारे बदलून पाहिले. असे सुमारे ३,९०० फेरफार त्यांनी ज्या पेशींत केले, त्या मूळच्या एका रक्तकर्करोग्याच्या. त्यांत गुणसूत्रांचा एकच संच असल्याने आणि हे जनुक शाबूत असल्यावाचून त्यांचा निभाव लागत नसल्याने, ज्या पेशीत फेरफार घातक ठरला ती मरून गेली आणि जीत तो निरुपद्रवी होता ती वाढत राहिली. पाचव्या व अकराव्या दिवशी घेतलेल्या गणतीतच निकाल दिसला!

मला यातील थोर गोष्ट ही वाटते की, रुग्णांच्या नोंदी जमेपर्यंत येथे कोणालाही थांबावे लागले नाही. आजवर एकाही कुटुंबात न आढळलेले फेरफारदेखील तपासले गेले. त्यामुळे ज्यांच्या कुळाची माहिती परदेशी दप्तरांत फारशी नाही, अशा आपल्याकडील स्त्रियांनाही त्याचा दाखला लागू पडतो. अर्थात बशीतील पेशी म्हणजे संपूर्ण देह नव्हे. म्हणून घराण्याचा इतिहास व इतर पुरावा ताडून पाहिल्याखेरीज तज्ज्ञ केवळ त्या गणतीवर निर्णय देत नाहीत. शिवाय त्या १३ खंडांबाहेरचे फेरफार त्या प्रयोगाच्या कक्षेत नव्हते आणि त्यांची रुजवात निराळीच करावी लागते.