आगगाडी स्वस्त, मग रस्त्यावर गर्दी का?

पनवेलहून उरणकडे जाणाऱ्या रस्त्यावर लांबलचक ट्रेलरांची रांग नेहमीच दिसते. प्रत्येकाच्या पाठीवर एक किंवा दोन पोलादी पेट्या, म्हणजेच कंटेनर. त्याच दिशेने जासईवरून न्हावा-शेव्याच्या बंदराकडे लोहमार्गही जातो. ४५ वाघिणींची एक मालगाडी २० फुटी ९० पेट्या नेते, म्हणजे किमान ४५ ट्रेलरांचे काम एकटी करते. मग एवढे ट्रेलर रस्त्यावर का? धूर, अपघात आणि तासन्‌तास खोळंबा सोसणाऱ्या परिसराच्या दृष्टीने हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात आणि बीजगणितात बरेचसे सापडते.

पेटीची करामत

पूर्वी बंदरात पोती, पिंपे, खोकी एकेक करून हमाल उतरवीत. त्यात जहाज कित्येक दिवस अडकून पडे. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूक व्यावसायिकाच्या 'आयडियल एक्स' या जहाजाने ५८ पेट्या नूअर्कहून ह्यूस्टनला नेल्या आणि चित्र बदलू लागले. पुढे पेटीची मापे जगभर ठरली: रुंदी ८ फूट, लांबी २० किंवा ४० फूट, उंची बहुधा साडेआठ फूट. पेटीच्या आठही कोपऱ्यांवर ठरावीक आकाराची भोके असलेले पोलादी ठोकळे असतात. क्रेन, ट्रेलर, वाघीण आणि जहाज या सर्वांची पकड त्यांतच बसते. त्यामुळे आतल्या मालाला हात न लावता पेटी एका वाहनावरून दुसऱ्यावर जाते. २६ मे १९८९ रोजी सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदरातला बहुतेक माल आज अशा पेट्यांतूनच येतो-जातो.

चाक, रूळ आणि चढ

रबरी टायर रस्त्यावर टेकतो तिथे दबतो आणि पुन्हा फुगतो. या प्रत्येक दबण्या-फुगण्यात थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. पोलादी चाक पोलादी रुळावर फारच थोडे दबते. सपाटीवर एक टन वजन हळूहळू ओढायला रुळावर साधारण २० न्यूटन, तर रस्त्यावर साधारण ७० न्यूटन बल लागते. आगगाडीचा फायदा साडेतीन पट!

आता घाट चढू. बोरघाट आणि थळघाट या दोन्ही लोहमार्गांवर ३७ मीटर अंतरात १ मीटर चढ आहे. एक टन वस्तुमानाचे वजन सुमारे १०,००० न्यूटन. त्याचा सदतिसावा भाग, म्हणजे सुमारे २७० न्यूटन, केवळ चढासाठी लागतो. तो रबरी आणि पोलादी चाकांना सारखाच. एकूण बल रुळावर २९० आणि तेवढ्याच चढाच्या रस्त्यावर ३४० न्यूटन. साडेतीन पटींचा फायदा जवळजवळ नाहीसा झाला! शिवाय गुळगुळीत रुळावर चाकाची पकडही कमी, म्हणून घाटात गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात. याउलट दिल्लीजवळच्या दादरीपासून या बंदरापर्यंत आखलेला मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग वैतरण्यावरून गुजरातकडे जातो. त्यावरचा चढ साधारणतः २०० मीटरला १ मीटर, म्हणजे टनामागे फक्त ५० न्यूटन.

दोन रेषांचा छेद

ट्रेलर पेटी थेट कारखान्याच्या दारात पोचवतो. आगगाडीला मात्र पेटी चढवणे, उतरवणे आणि शेवटच्या टप्प्यासाठी पुन्हा ट्रेलर हे खर्च चुकत नाहीत. काल्पनिक आकडे घेऊ. ट्रेलरचा स्थिर खर्च २ एकक आणि दर १०० किलोमीटरला ४ एकक, आगगाडीचा स्थिर खर्च १२ आणि दर १०० किलोमीटरला २. अंतर 'क्ष' शंभर किलोमीटर मानले तर

१२ + २क्ष = २ + ४क्ष, म्हणून क्ष = ५.

म्हणजे ५०० किलोमीटरच्या आत ट्रेलर स्वस्त, त्यापुढे आगगाडी. दीडशे किलोमीटरच्या आतल्या पुण्याला पेट्या मुख्यतः रस्त्याने का जातात आणि तुघलकाबाद वा दादरीला आगगाडीने जाणे का परवडते, हे यावरून ध्यानात येईल.

हा छेदबिंदू अलीकडे आणता येईल का? एकावर एक दोन पेट्या ठेवल्या तर त्याच गाडीत जास्त माल जातो आणि रेषेचा चढ कमी होतो. मात्र वाघिणीसह उंची सव्वासहा मीटरांच्या आसपास जाते, उंच पेट्या असल्यास त्याहूनही अधिक. नेहमीची विजेची तार साधारण साडेपाच मीटरवर असते. म्हणून स्वतंत्र मार्गावर ती साडेसात मीटर उंच नेली आहे. विजेच्या इंजिनाने ओढलेली अशी दीड किलोमीटर लांबीची दुमजली गाडी ७ जानेवारी २०२१ रोजी हरियाणातील न्यू अटेलीहून राजस्थानातील न्यू किशनगढकडे धावली. दुसरा उपाय म्हणजे चढ-उतार झटपट करून स्थिर खर्च घटवणे.

वर्गात हे दोन्ही आलेख काढून पाहावेत. आगगाडीचा दर २ वरून दीडवर आणला तर छेद कुठे येतो? आणि दर तोच ठेवून स्थिर खर्च १२ वरून १० केला तर? दोन्ही वेळा उत्तर ४०० किलोमीटरच येईल. दोन्ही उपाय एकत्र केले तर ते ३२० वर येते. तेव्हा रस्त्यावरची रांग कमी करायची, तर नव्या रुळांइतकेच लक्ष पेटी जिथे उचलली आणि ठेवली जाते त्या यार्डाकडेही द्यायला हवे.