मिशीवरून माशी ओळखताना

लासुर्ण्यातल्या एखाद्या घराच्या ओसरीत, कपडे वाळत घालायच्या तारेवर, लांबट पोटाची करडी केसाळ माशी पायांत किडा धरून बसलेली दिसते. कुणी तिला गांधीलमाशी समजून झाडू उचलतो, कुणी गोमाशी म्हणतो. दोन्ही चूक. गांधीलमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात. हिला एकच जोडी असते, आणि मागच्या जोडीच्या जागी उडताना तोल सांभाळणारे गदेसारखे दोन चिमुकले अवयव. गोमाशीच्या तोंडावर मिशा नसतात, हिच्या तोंडावर राठ केसांचा चांगला झुबका असतो. धडपडणाऱ्या भक्ष्याच्या नांग्या-पायांपासून चेहरा वाचवायला तो कामी येतो, असे मानतात. समोरून पाहिले तर दोन मोठ्या डोळ्यांमध्ये टाळूवर खोलगट खाच दिसते, आणि त्या खाचेतल्या उंचवट्यावर तीन साधे डोळे. एवढे जुळले की ही असिलिडी कुलातली रॉबर फ्लाय, म्हणजे दरोडेखोर माशी. ती भक्ष्याला सोंड टोचून लाळ सोडते. लाळेने किडा लुळा पडतो, त्याच्या आतले मांस विरघळते, मग ती ते शोषून घेते. माणसाच्या मागे ती लागत नाही, मात्र चिमटीत धरली तर कडकडून टोचते.

कुल ओळखणे सोपे आहे, खरी अडचण त्यानंतर सुरू होते. विश्वकोशाच्या परिभाषेत जाती म्हणजे शेवटचे नेमके नाव आणि प्रजाती म्हणजे त्याच्या वरचा गट. वर्तमानपत्रांत या दोन शब्दांची सर्रास अदलाबदल होते आणि निम्मा घोटाळा तिथेच होतो. प्रजातीपर्यंत जायला पंखांतल्या शिरा मोजाव्या लागतात. पंखाच्या टोकाकडच्या एका ठरावीक भागात शिरांनी दोनऐवजी तीन खण केले असतील, तर प्रोमॅकसची शक्यता मोठी. स्पर्शिकेच्या टोकाचा केस पिसासारखा दिसला, तर ओमॅटियसच्या गोतावळ्यात शोधावे. जातीसाठी मात्र बहुधा नराच्या पोटाचे टोक कॉस्टिक पोटॅशमध्ये मऊ करून, सूक्ष्मदर्शकाखाली जननांगांचा आकार पाहावा लागतो. जगात या कुलाच्या 7,000 हून अधिक जातींची नोंद आहे. भारतातल्या जातींवर जोसेफ आणि परुई यांचा ग्रंथ भारतीय प्राणी सर्वेक्षणाने 1998 मध्ये काढला, पण आपल्याकडच्या अनेक जातींची मूळ वर्णने फॅब्रिसियस, विडेमान यांनी दोनशे वर्षांपूर्वी लॅटिनमध्ये, थोडक्या ओळींत लिहिलेली आहेत. म्हणून मला वाटते की ओसरीतल्या माशीचा एक फोटो पाहून तिला जातीचे नाव चिकटवू नये. प्रजातीपाशी थांबावे, आणि तेही शिरा दिसत असतील तरच.

यावर पहिला आक्षेप असा, की मोबाइलचे ॲप तर क्षणात पूर्ण नाव सांगते. सांगते खरे, पण ते आपल्याकडच्या चित्रसंग्रहातले सर्वांत जवळचे चित्र शोधते. जी जाती त्या संग्रहात नाही, तिचे नाव ते देणार कुठून? म्हणून ॲपने सुचवलेली जाती आधी भारतात सापडते का, एवढे तरी तपासावे. फोटो निरुपयोगी नाही, तो नीट काढायला हवा: बाजूने एक, वरून पंख दिसतील असा एक, आणि चेहऱ्याचा समोरून एक.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. निरा डाव्या कालव्याच्या या उसाच्या पट्ट्यात लॅटिन नावाचे कुणाला काय? माशी चांगली की वाईट, तेवढे सांगा. पण नेमके याच उत्तरासाठी नावाबाबत सबुरी लागते. या माशांच्या अळ्या मातीत किंवा कुजक्या लाकडात वाढतात, आणि काही जातींच्या अळ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या खातात. उसाची मुळे कुरतडणारी हुमणी ही भुंगेऱ्याचीच अळी, त्यामुळे दरोडेखोर माशीला लगेच ‘मित्रकीटक’ म्हणायचा मोह होतो. पण तीच माशी मोठेपणी मधमाश्याही उचलते. चुकीच्या जातीचे नाव लावले, की त्या जातीच्या सवयीही आपल्या माशीच्या गळ्यात पडतात आणि एका देशातले निरीक्षण दुसऱ्या देशातल्या शेताचा सल्ला होऊन बसते. माशीच्या पायांत काय होते, ही साधी नोंद त्या उसन्या सल्ल्यापेक्षा मोलाची.

नमुन्यासाठी माशी मारावी का, हा आक्षेप मला पटतो, पण तो टाळता येतो. खिडकीच्या कठड्यावर मेलेली माशी मिळाली तरी काम होते. छातीच्या मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे टाचणी टोचावी, म्हणजे डावी बाजू अखंड राहते. डबीत डांबराची गोळी ठेवावी, नाहीतर मुंग्या आणि बारीक भुंगेरे नमुना फस्त करतात. पुढे कधी भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या आकुर्डीच्या केंद्रातल्या किंवा एखाद्या महाविद्यालयातल्या जाणकाराला दाखवता येईल. तोवर टाचणीखालच्या चिठ्ठीवर लिहायचे ते एवढेच: लासुर्णे, ता. इंदापूर, तारीख, ओसरीतली तार, पायांत मधमाशी, प्रोमॅकस, मादी. त्यापुढची जातीची जागा कोरी.